दहा दिवस बियाण्याचे, तीन दिवस गाईचे

आमच्या रिसोडचा बाजार पाहायचा तर दिवाळीच्या आठवड्यात पाहावा. सोयाबीन खळ्यातून अडत्याकडे गेलेले असते, चार पैसे हातात खुळखुळत असतात आणि पंचक्रोशीतली खेडी सकाळच्या एसटीने नि ऑटोने गावात उतरत असतात. पूर्वी ही गर्दी तांबट, कासार आणि कापडवाले यांच्याकडे वळे. आता ती तिकडेही वळते, पण खरी झुंबड असते ती मोबाइलच्या दुकानांपुढे. धोतर नेसलेले आजोबा, कॉलेजात जाणारा नातू आणि दोघांच्या मध्ये काचेच्या पेटीवर ठेवलेला लखलखीत फोन, हे दृश्य आता इतके नित्याचे झाले आहे की कोणी वळूनही पाहत नाही. किमतीची घासाघीस संपली की दुकानदार आपले शेवटचे वाक्य टाकतो, "बिनघोर न्या काका, एक वर्षाची वॉरंटी आहे!" आजोबा मान डोलावतात, नातू पिशवी उचलतो आणि वॉरंटीचा तो बारीक अक्षरांचा कागद खोक्याच्या तळाशी जाऊन पडतो तो पडतोच.

मला लिहायचे आहे ते त्या कागदाविषयी. 'वॉरंटी' हा शब्द परका, ज्या वस्तूला ती मिळते ती वस्तूही बहुधा परकी. तेव्हा ही कल्पनाही साहेबानेच गलबतात घालून आणली असावी असा आपला सर्वसाधारण समज असतो. विकलेला माल परत घेणे ही दुकानदाराची मेहेरबानी मानली जाते. कित्येक दुकानांत तर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी गणपतीच्या तसबिरीशेजारीच टांगलेली दिसते. माझी हयात मुलांना इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे अशी पाटी दिसली की ती कोणत्या काळातली, असा प्रश्न सवयीनेच मनात येतो. जुनी पाने चाळली म्हणजे उत्तर मिळते ते असे की, पाटी अलीकडची आहे. माल परत देण्याचा हक्क मात्र फार पुरातन आहे.

आपल्या भाषेतच पाहा. 'जांगड' हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नसेल. कुणी त्याला 'जाकड' असेही म्हणत. दुकानातून माल घरी न्यायचा, बायकामाणसांना दाखवायचा, पसंत पडला तर ठेवून पैसे चुकते करायचे, न पडला तर परत आणून द्यायचा, या बोलीवर नेलेला माल म्हणजे जांगड. लग्नसराईत शालू आणि दागिने असेच घरोघर हिंडत. मुंबईच्या हिरेबाजारात तर 'जांगडा'वर माल देण्याचा व्यवहार आजतागायत चालू आहे आणि त्यावरून झालेले तंटे न्यायालयांपर्यंत गेलेले आहेत. व्यवहार होता म्हणून शब्द होता. पसंतीची मुदत संपेपर्यंत खरेदी पुरी होत नाही, ही जाणीव त्या एका शब्दात साठवलेली आहे.

गुरांच्या बाजारात ही जाणीव अधिक ठळक दिसे. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा, दात पाहून वय ठरायचे, पण बैल मारका आहे की बशा आहे हे दात पाहून थोडेच कळते? ते कळायला त्याला औताला जुंपून पाहावे लागते. गाय किती दूध देते हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा दोन-चार वेळा स्वतः धार काढून पाहिलेले बरे, हे कोणतीही शेतकरीण सांगेल. दोष दोन जातींचे असतात. एक डोळ्यांना दिसणारा आणि दुसरा वापरल्यावाचून न दिसणारा. पहिल्यासाठी घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. दुसऱ्यासाठी मात्र त्याला काही दिवस मिळालेच पाहिजेत.

नेमकी हीच गोष्ट आपल्या स्मृतिकारांनी ओळखली होती. विक्री-खरेदीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाला त्यांनी 'क्रयविक्रयानुशय' असे भारदस्त नाव दिले आणि तंट्यांच्या प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा दिली. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रकरणाची चर्चा सापडते. मनूने सरसकट दहा दिवस सांगितले आहेत. घेणारा असो वा विकणारा, पस्तावलेल्याने त्या अवधीत व्यवहार मोडावा. याज्ञवल्क्याने मात्र पुढचे पाऊल टाकले. त्याने वस्तूवार परीक्षेचा काळ ठरवून दिला. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि दुभत्या जनावराला तीन.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ते हवेतून काढलेले नाहीत. लोखंड कच्चे की पक्के हे एका दिवसाच्या घावात समजते. गाईच्या दुधाचा अंदाज तीन दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या धारांत येतो, कारण एखादे वेळचे दूध तटवून ठेवून विकणाऱ्याला फसवता येईल, पण तीन दिवस ती युक्ती चालत नाही. बैलाचा स्वभाव पाच दिवस जुंपल्यावर कळतो. आणि बियाणे? पेरल्यावर कोंब वर यायला आठवडा-दहा दिवस लागतातच. म्हणजे ज्या वस्तूचा छुपा दोष जितक्या दिवसांनी उघड होतो तितकी तिची मुदत, असे हे साधे, शेतकऱ्याच्या अनुभवाचे गणित आहे. आजच्या वॉरंटीचे मर्म याहून निराळे नाही.

याच यादीत एक डागही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दासीला एक महिना आणि दासाला पंधरवडा, अशी माणसांच्या परीक्षेचीही मुदत तिथे सांगितली आहे. ज्या न्यायबुद्धीने गाईच्या गिऱ्हाइकाची काळजी घेतली, तिला विकल्या जाणाऱ्या माणसाची काळजी सुचली नाही. जुन्या ग्रंथांचा अभिमान धरताना ही ओळ गाळून वाचू नये.

नारदस्मृती आणखी बारकाव्यात शिरते. घेणाऱ्याने आधी माल स्वतः पारखावा, हे तिचे पहिले सांगणे. घेतलेला माल मनातून उतरला तर त्याच दिवशी, जसाच्या तसा परत करावा. दुसऱ्या दिवशी परत केला तर किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यापुढे माल घेणाऱ्याचाच. पण ज्याने निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू गळ्यात मारली त्याची गत वेगळी. त्याने घेणाऱ्याला दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंड राजाला भरावा. नुसते मन फिरणे आणि फसवले जाणे, या दोन गोष्टी नारदाने अशा स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत.

कौटिल्याने वस्तूऐवजी माणसाकडे पाहिले. त्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन आणि गुराख्याला पाच रात्री, अशी फेरविचाराची मुदत आहे. विकलेला माल हवाली न करणाऱ्याला १२ पण दंड. मात्र मालातच दोष निघाला असेल तर हा दंड नाही. व्यापाऱ्याला एकच रात्र का? मला वाटते, ज्याचा रोजचा धंदाच पारख करण्याचा, त्याला मुदत कमी. ज्याचे आयुष्य रानात गेले, त्याला अधिक. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड र. पं. कंगले यांनी सिद्ध केले आणि मुंबई विद्यापीठाने ते १९६० ते १९६५ या काळात छापले.

हे सारे कोठल्या तरी दूरच्या गंगातीरी घडत होते असेही समजू नये. याज्ञवल्क्य आणि नारद यांच्या स्मृती आजच्या रूपात आल्या त्या इसवी सनाच्या पहिल्या पाच-सहा शतकांत. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्याचे ठाणे असलेले वाशीम, त्या वेळचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. पुढे बाराव्या शतकाच्या आरंभी कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर 'मिताक्षरा' टीका लिहिली आणि महाराष्ट्रातल्या हिंदूंचे वारसाहक्क शतकानुशतके तिच्या आधाराने ठरत आले. वारसाहक्कासाठी गाजलेल्या त्या ग्रंथात गाय परत करण्याच्या तीन दिवसांचीही चर्चा आहे, हे आपण विसरलो.

रोमन लोकांनीही हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. तेथील बाजारावर देखरेख करणाऱ्या एडाइल या अधिकाऱ्यांनी गुलाम व जनावरे विकणाऱ्यांना दोष आधी जाहीर करण्याचा हुकूम काढला होता. दोष लपवल्याचे उघड झाल्यास सहा महिन्यांच्या आत माल परत करता येई आणि एक वर्षाच्या आत किमतीत सूट मागता येई. विकणाऱ्याला तो दोष ठाऊक नव्हता ही सबब चालत नसे.

मग ती पाटी आली कोठून? तिचा माग इंग्लंडात लागतो. १६०३ सालचा एक खटला तिकडच्या वकिलांना तोंडपाठ असतो. चँडेलर नावाच्या सोनाराने लोपस नावाच्या गृहस्थाला १०० पौंडांना एक खडा विकला. हा 'बेझोर' आहे, असे तो म्हणाला. बेझोर म्हणजे रानबकऱ्यासारख्या जनावराच्या पोटात सापडणारा खडा. विषावर तो रामबाण उतारा आहे अशी त्या काळची दृढ समजूत. आमच्या गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी पुढे अशा खड्यांची कृत्रिम आवृत्ती बनवून 'गोवा स्टोन' या नावाने युरोपात भारी किमतीला पाठवली, यावरून त्या खुळाचा अदमास येईल. तर लोपसाचा खडा बेझोर नव्हताच. तो न्यायालयात गेला आणि हरला. न्यायाधीशांचे म्हणणे असे की, सोनार 'हा बेझोर आहे' इतकेच म्हणाला. 'त्याची मी हमी देतो' असे तो कोठे म्हणाला? लॅटिनमधल्या दोन शब्दांचे सूत्र, 'कॅव्हिएट एम्प्टर', म्हणजे 'घेणाऱ्याने सावध राहावे', हे अशा निकालांतून रूढ झाले. आपल्या दुकानातली पाटी ही त्या सूत्राची मराठी नात होय.

इंग्रजी अमलात हे सूत्र इकडे आले. १८७२ च्या करार कायद्यात मालविक्रीचे प्रकरण होते. ते वेगळे काढून १९३० साली मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला. तोवर इंग्लंडातही वारे पालटले होते, त्यामुळे या कायद्याने सूत्र कायम ठेवून त्याला मोठमोठी भोके पाडली. माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, नमुन्याप्रमाणे असला पाहिजे, गिऱ्हाइकाने सांगितलेल्या कामाला उपयोगी पडला पाहिजे, या अटी कागदावर नसल्या तरी गृहीत धरल्या जातात. आपल्या जांगडालाही त्यात 'पसंतीवर दिलेला माल' म्हणून कलम मिळाले. माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे होत नाही. पण वाजवी मुदत उलटून गेली आणि घेणारा काहीच बोलला नाही, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. इथे गंमत अशी की, या कायद्याच्या काटेकोर भाषेत 'वॉरंटी' हे दुय्यम दर्जाचे वचन आहे. मुख्य अट मोडली तर माल नाकारता येतो, वॉरंटी मोडली तर फक्त भरपाई मागता येते. ज्या शब्दावर भिस्त ठेवून आजोबा फोन घेऊन जातात, तो शब्द कायद्याच्या घरात धाकटा भाऊ आहे!

पण कायदा असणे आणि तो सामान्याच्या हाती लागणे यांत अंतर असते. इंग्रजी राज्यात खराब मालाविरुद्ध पहिला आवाज उठवला तो घरगुती गिऱ्हाइकाने नव्हे, कापडगिरण्यांच्या मालकांनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या आणि एकूणच हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तशी त्यात सरकी, माती आणि पाणी मिसळण्याची कलाही बहरली. मँचेस्टरकरांनी ओरड केली आणि मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदाच केला. पुढे १८८६ साली, आज आमच्याच वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. थोडक्यात, गाठींनी खरेदी करणाऱ्यांची दाद दिवाणी न्यायालयाबाहेरही लागू लागली. एक कंदील, एक घड्याळ किंवा एक शिवणयंत्र घेणाऱ्याला मात्र वकील लावून वर्षानुवर्षे खेटे घालण्यावाचून मार्ग नव्हता, आणि घड्याळाच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त होती.

हा मार्ग मोकळा झाला तो बराच उशिरा, आणि तो करण्यात महाराष्ट्राचा, विशेषतः येथल्या गृहिणींचा वाटा मोठा आहे. १९६६ साली मुंबईत काही गृहिणी पुढे आल्या आणि ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था स्थापन झाली. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने हजारो बायका हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभारली, पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबे गटागटाने, एकत्र खरेदी करून माल वाटून घेऊ लागली. एकटे गिऱ्हाईक बापुडवाणे असते, पण दहा गिऱ्हाइके मिळून बाजाराला प्रश्न विचारू शकतात, हा धडा त्यातून मिळाला. तिकडे १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींनी ग्राहकांचे हक्क आपल्या संसदेपुढे मांडले होते. १९८५ साली संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. या साऱ्याची परिणती २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात झाली. वकिलावाचून, साध्या अर्जावर दाद मागता येईल असे मंच जिल्ह्याजिल्ह्यांत झाले.

शेतकरी हाही ग्राहकच, हे मात्र पुन्हा एकदा भांडून घ्यावे लागले. बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी ग्राहक मंचात गेले, तेव्हा बियाणे महामंडळाने अनेक हरकती घेतल्या; त्यांतली एक अशी की, बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली त्या फेटाळल्या. शेतकरी विकत घेतलेले सगळे बियाणे पेरतो. पुढे तंटा होईल म्हणून त्यातले मूठभर बाजूला काढून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून कशी करावी? २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा या निकालाचे मोल पुष्कळांना कळले. आता पेरणीआधी १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती मोड येतात ते मोजण्याचा सल्ला कृषी खाते देते. ७० च्या वर आले तर बियाणे ठीक. याज्ञवल्क्याच्या दहा दिवसांचीच ही घरगुती आवृत्ती आहे.

आता ज्या निमित्ताने मी या साऱ्याच्या नादी लागलो ते सांगतो. माझा धाकटा भाऊ रिसोडपासून जवळच्या खेड्यात शेती करतो. २०२२ च्या पाडव्याला, म्हणजे २६ ऑक्टोबरला, त्याने एक स्मार्टफोन घेतला. घेतला तो चैनीसाठी नव्हे. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच शेतात उभे राहून, फोनवर फोटो काढून करायची असते. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. अतिवृष्टीने पीक गेले तर तेव्हा विमा कंपनीला ७२ तासांत कळवावे लागे. ज्याचा फोन मेला त्याची शेती सरकारी कागदावर मुकी होते. २०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी या फोनचा पडदा मध्येच गोठू लागला आणि तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. सेवाकेंद्र दुसऱ्या शहरात. पहिल्या खेपेला त्यांनी आतली प्रणाली नव्याने भरून दिली, दुसऱ्या खेपेला आतली मुख्य पट्टी बदलली, तिसऱ्या खेपेला 'पाणी गेले असेल' असे ऐकवले. पाणी गेले की फोनच्या आतली एक चिमुकली पांढरी खूण लाल होते. भावाने तिथल्या तिथे ती उघडून दाखवायला लावली. ती पांढरीच होती. दर खेपेला फोन आठ-दहा दिवस तिकडे, आणि भाऊ शेजाऱ्याच्या फोनसाठी दारात उभा!

"घाई कशाला दादा? पाडव्याला घेतला, पाडव्यापर्यंत वर्ष आहे," असे तो म्हणत होता. मी पंचांग काढले. २०२३ साली श्रावण अधिक होता. त्यामुळे पाडवा गेला होता १४ नोव्हेंबरवर, आणि कंपनीचे वर्ष २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, संपत होते. कंपनी अधिक मास पाळत नाही. पाडव्याची वाट पाहिली असती तर वीस दिवसांनी हक्क बुडाला असता.

मग आम्ही काम पद्धतशीर हाती घेतले. खरेदीची पावती, तिच्यावरचा आणि फोनवरचा पंधरा अंकी क्रमांक जुळत असल्याची खात्री, आणि तिन्ही वेळच्या दुरुस्तीची तारीखवार पत्रके, ज्यांत तोच तो दोष त्यांच्याच हातांनी लिहिलेला होता, एवढे पुरावे गोळा केले. वॉरंटीच्या कागदावर 'दुरुस्ती किंवा बदल, कंपनीच्या मर्जीनुसार' असे वाक्य होते. त्यावर आमचे म्हणणे सोपे होते: तीनदा दुरुस्ती करूनही दोष जात नसेल तर मर्जी वापरून संपली, आता बदल उरला. सप्टेंबरअखेर हे पत्र कंपनीच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवली. पत्रात एवढेच लिहिले होते की, पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा आयोगाकडे अर्ज करू. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. घटस्थापनेच्या आठवड्यात निरोप आला आणि दसऱ्याआधी नवा फोन हाती पडला. त्याला मुदत मिळाली ती जुन्यातले उरलेले दिवस किंवा तीन महिने, यांत जे अधिक असेल ती. भावाने ती तारीख या वेळी इंग्रजी महिन्याने लिहून ठेवली.

त्या पत्रामागे बळ होते ते नव्या कायद्याचे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याने खेड्यातल्या माणसासाठी एक मोठी सोय केली. पूर्वी बहुधा विकणारा जेथे असेल तेथे जाऊन दाद मागावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे अर्ज करता येतो. रिसोडच्या माणसाला वाशीमला जाणे पुरे, मग वस्तू मुंबईहून आलेली असो की बंगळुरूहून. ५ लाखांपर्यंतच्या मालाला अर्जाची फी नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास पावतीत लिहिलेल्या मुदतीत नकार देणे, आणि पावतीत मुदतच नसेल तर तीस दिवसांत नकार देणे, ही या कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरवली आहे. पावती न देणे हीसुद्धा. गणपतीशेजारच्या पाटीला यातून उत्तर मिळाले आहे.

नारदाच्या मुदतीपासून तीस दिवसांच्या या कलमापर्यंत एक धागा मला अखंड दिसतो. मुदत कोणत्याही काळी विकणाऱ्याची कृपा नव्हती. ती घेणाऱ्याच्या परीक्षेसाठी राखलेली वेळ होती, आणि म्हणूनच ती वेळ वापरण्याची जबाबदारीही घेणाऱ्यावरच होती. गाय घरी आणून तीन दिवस धार न काढणाऱ्याला चौथ्या दिवशी तक्रार करायला जागा नव्हती. फोन घेऊन अकरा महिने 'चाललेय तसे चालू द्या' म्हणणाऱ्याला तेराव्या महिन्यात बळ उरत नाही. दुकानदार सारेच लबाड असतात असे नाही. आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या शब्द पाळणारी दुकाने आहेत आणि त्यांची पायरी चढायला आजही बरे वाटते. पण वस्तू आता गावातल्या कारागिराच्या हातची राहिलेली नाही. ती बनवणारा दिसत नाही, दुकानदारही तिच्या पोटात काय आहे ते जाणत नाही. म्हणून तोंडच्या शब्दाची जागा कागदाने घेतली आहे, आणि कागद सांभाळला तरच तो बोलतो.

लक्ष्मीपूजनाला आपण वही पुजतो. जमाखर्चाच्या त्या वहीला हळदकुंकू वाहण्यामागे व्यवहार लिहून ठेवण्याची थोर परंपरा आहे आणि ती फक्त व्यापाऱ्याचीच आहे असे कोणी सांगितले? या पाडव्याला घरात जे काही नवे येईल, फोन असो, मिक्सर असो की शेतातला फवारणीपंप, त्याची पावती आणि हमीचा कागद घरच्या वहीत डकवावा, मुदत संपण्याची तारीख वर ठळक लिहावी, आणि ती येण्याच्या महिनाभर आधी वस्तू एकदा नीट पारखून घ्यावी. हे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींकडे सोपवले तर ती ते आनंदाने करतील, आणि जांगड म्हणजे काय हेही त्यांना त्या निमित्ताने सांगता येईल.